लोकल केबल, यूट्यूब की कम्युनिटी रेडिओ?

गणपती जवळ आले की सांगलीत हमखास कुणीतरी विचारतं, "केबलवर आमच्या मंडळाचा कार्यक्रम लागेल का?" मी उलट विचारतो, कार्यक्रम नुसता लागायला हवाय, की तो तुम्हालाच करायचाय? बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो.

अमेरिकेत १९८४ च्या केबल कायद्यानं शहरांना केबल कंपनीकडून लोकांसाठी राखीव चॅनेल मागून घेण्याची मुभा दिली. ज्या शहरांनी ती वापरली तिथं साधा रहिवासी कॅमेरा शिकतो, आपला कार्यक्रम करतो आणि त्यातल्या मजकुरात कंपनीला हात घालता येत नाही. आपल्याकडचा १९९५ चा केबल कायदा काय दाखवू नये ते सांगतो, पण सामान्य माणसाला अर्धा तास द्याच, असं काही ऑपरेटरला सांगत नाही. म्हणजे लोकल चॅनेलवर मिळेल ती जागा मालकाच्या मर्जीची.

तरी केबलची ताकद मोठी. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे चढायला लागलं की घरातली आजीसुद्धा लोकल चॅनेल लावून बसते. (सेट-टॉप बॉक्स आल्यापासून त्याचा नंबर शोधायला नातू लागतो, ते सोडा.) घोडं अडतं ते एडिटिंगपाशी. आम्ही मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांवर शूटिंग केलं होतं. एक हमाल पोत्याचं वजन, पाठीचं दुखणं, मुलीची फी असं अकरा मिनिटं मन लावून बोलला. चॅनेलवर त्याची चाळीस सेकंदं लागली, बाकी वेळ निवेदक आणि प्रायोजकाचा सत्कार. हमालानं मला एवढंच विचारलं, "माझं कुठं गेलं?"

यूट्यूबवर कात्री तुमच्याच हातात. फोन, कॉलर माईक आणि एक तिपाई एवढ्यावर काम सुरू होतं. माईक पदराला लावू नका, पदर हलला की नुसती खसखस ऐकू येते. ब्लाउजच्या गळ्याला लावा. पण गटातला एकच पोरगा सगळं करतो, पासवर्ड त्याच्याकडे, आणि तो नोकरीला पुण्याला गेला की चॅनेल झोपतं. त्याला सहभाग म्हणत नाहीत.

"आमच्या बायकांना कॅमेरा कसा जमणार?" हा प्रश्न मात्र माझ्यापुढे आणू नका. अहमदाबादेत १९८४ मध्ये 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेतल्या भाजी विकणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकाही व्हिडिओ शूटिंग शिकल्या. तेव्हाचे कॅमेरे तर खांद्यावर घ्यायचे होते.

तिसरा रस्ता कम्युनिटी रेडिओचा, म्हणजे स्थानिक संस्थेनं आपल्या भागापुरतं चालवलेल्या छोट्या रेडिओ केंद्राचा. सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' २००८ पासून एफएम ९०.४ वर चालू आहे. इथं चित्र नाही, पण सहभाग थेट नियमातच आहे: निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर, तिथल्या लोकांना घेऊन तयार व्हायला हवेत. चेहरा दिसत नसल्यामुळे सासूसमोर गप्प बसणारी सूनही माईकसमोर बोलते. मर्यादाही आहेत. ताकद १०० वॅटची, त्यामुळे आवाज साधारण १०-१५ किलोमीटरच जातो, डोंगर आडवा आला की त्याहून कमी. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावायच्या. परवाना व्यक्तीला मिळत नाही. ना-नफा संस्थेला मिळतो, तोही तिची नोंदणी किमान ३ वर्षांची असेल तर. म्हणून नवं केंद्र काढायच्या भरीस पडू नका, जवळ असेल तिथं जाऊन आठवड्याचा एक कार्यक्रम मागा.

माझं मत विचाराल तर म्हसवडच्या आसपासच्या, माण-खटावच्या गटांनी आधी रेडिओ करावा. सांगली शहरातल्यांनी यूट्यूबवर चार-पाच भाग करून हात बसवावा, तेही कॅमेरा दर वेळी वेगळ्या माणसाच्या हाती देऊन. मग तेच भाग घेऊन केबलवाल्याकडे जावं आणि वार, वेळ, मिनिटं कागदावर लिहून घ्यावीत. शेवटचं एडिटिंग होताना आपलं माणूस शेजारी खुर्ची टाकून बसेल का, हेही तेव्हाच विचारावं. तो नाही म्हणाला, तर चहा घेऊन परत यावं.