प्रात (Praat) घ्यावं की वर्ल्ड (WORLD)?
अंबाजोगाईच्या मैत्रिणीने आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्यात. आता पट्टी (आवाजाची उंची) आणि वेग बदलून बघायचाय, पण आवाज बदलायच्या या दोन सॉफ्टवेअरपैकी कशात?

फुकट दोन्ही. ॲमस्टरडॅमच्या बोर्स्मा-वीनिंक या संशोधकांच्या प्रातमध्ये पट्टीचे ठिपके माउसने वर-खाली ओढायचे, लगेच ऐकायचं. मूळ आवाजाच्या लहरीचेच तुकडे जवळ-लांब करून ते पुन्हा जोडतं, म्हणून थोडक्या बदलात आजी आजीच वाटते. फार ताणलं की आवाज यंत्रासारखा होतो. जपानी संशोधक मोरिसे यांचं वर्ल्ड पट्टी, वर्णपट (आवाजाचा पोत ठरवणारा भाग) आणि श्वासाची खरखर वेगळी काढून आवाज नव्याने घडवतं. त्यासाठी थोडंफार कोडिंग यावं लागतं, शिवाय रेकॉर्डिंग स्वच्छ हवं. मागे जात्याची घरघर असली की पट्टी चुकीची मोजली जाते (प्रातलाही ती छळते, पण तिथले चुकार ठिपके हाताने पुसता येतात).

ओव्यांना प्रातच. आवाजाचा पोतच पालटायचा असेल आणि कोडची भीती नसेल, तर वर्ल्ड.