जिओकॅशिंगचे दहा महिने: डबा कसा लपवला आणि त्याखाली काय लिहिलं

दहा महिन्यांत ११८ डबे सापडले, २३ वेळा रिकाम्या हाताने परत आले आणि एक डबा स्वतः लपवला. पहिल्याच महिन्यात हा अनुभव लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक लिहिलं असतं, कारण तेव्हा सापडलेला प्रत्येक डबा अप्रतिम वाटायचा. शंभरीच्या आसपास नजर बदलली. आता डबा हातात आला की आधी झाकण बघते, मग वही ओली आहे का ते चाचपते आणि घरी आल्यावर त्या डब्याच्या जुन्या नोंदी पुन्हा वाचते. या खेळात सगळ्यात जास्त हेळसांड होते ती नोंदींची, आणि खेळ टिकतो तोही त्यांच्याच जोरावर, असं आता माझं ठाम मत आहे.

ज्यांना खेळ नवा आहे त्यांच्यासाठी चार ओळी. कुणीतरी एखादा डबा लपवतो (तोच त्या डब्याचा मालक) आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीचे फोन किंवा जीपीएस यंत्र घेऊन तो शोधतात, आतल्या वहीत सही करतात, डबा होता तसा परत ठेवतात आणि नंतर खेळाच्या संकेतस्थळावर त्या डब्याच्या पानावर ऑनलाइन नोंद करतात. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली, आणि एरवी शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवणारी यंत्रं एका रात्रीत कितीतरी नेमकी झाली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगनमध्ये एक बादली लपवून तिच्या अक्षांश-रेखांशांचे अंक जाहीर केले. त्या बादलीत वही आणि पेन्सिल होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याहूनही जुना धागा इंग्लंडमधल्या डार्टमूरचा आहे. १८५४ मध्ये क्रॅनमिअर पूल या आडबाजूच्या जागी एका वाटाड्याने बाटली ठेवली होती, आणि तिथवर पोचलेले लोक तीत आपलं नावाचं कार्ड टाकून जात. म्हणजे ‘मी इथे येऊन गेलो’ हे मागच्याला कळवणं सुरुवातीपासूनच या खेळात आहे.

माझी सगळ्यात मोठी चूक दुसऱ्या महिन्यातली. दगडी बांधात लपवलेला एक डबा, काठिण्य दीड, वाट दोन. (दोन्ही मोजमापं एक ते पाच अशी अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीने चढतात, पहिलं शोधायला किती अवघड हे सांगतं, दुसरं तिथवर पोचायला किती.) माझ्याआधीच्या सगळ्यांना तो सापडला होता. मी सव्वा तास फटीफटीत बोटं घातली, हाती काही लागलं नाही. एवढा सोपा डबा मला मिळत नाही याची लाज वाटली आणि घरी येऊन मी काहीच नोंदवलं नाही.

तीन आठवड्यांनी त्या पानावर एका बाईंची नोंद दिसली. दोन लहान मुलांना घेऊन त्या मुद्दाम लांबून आल्या होत्या. मुलांचा पहिलाच डबा. आधीच्या नोंदी बघून त्यांनी हा सोपा आणि खात्रीचा म्हणून निवडला होता. अर्थातच तो सापडला नाही, आणि परतताना मुलगी रडली असं त्यांनी लिहिलं होतं. मालक पुढच्याच आठवड्यात जाऊन आला. बांधाची डागडुजी झाली होती आणि डबा त्यात कधीच गेला होता. मी त्या दिवशी दोन ओळी लिहिल्या असत्या तर त्या मुलांनी दुसरा डबा निवडला असता. मी मालकाला सगळं कळवलं. त्याने शांतपणे उत्तर दिलं की नवी नोंद पडली की त्याला ईमेल येते, पण कुणी लिहिलंच नाही तर त्याच्या लेखी डबा जागेवरच असतो.

तेव्हापासून ‘सापडला नाही’ची एकही नोंद मी चुकवलेली नाही. किती वेळ शोधलं, पाऊस होता का, अंधार पडत होता का, जागेत काही बदल दिसला का, एवढं लिहिते. नुसतं ‘नाही मिळाला’ याचा मालकाला फारसा उपयोग नसतो; ‘झुडपं तोडलेली दिसली, ४० मिनिटं शोधलं’ यावरून त्याला अंदाज बांधता येतो. आणि सापडला नाही म्हणजे हरवलाच असंही नाही. माझ्या २३ पैकी ९ डबे दुसऱ्या फेरीत मला मिळाले आणि ८ खरोखरच गेलेले निघाले. उरलेल्या सहांसाठी मी अजून जाणार आहे.

याच्याच जवळची दुसरी सवय म्हणजे मालकाचं लक्ष वेधणारी वेगळी नोंद. डबा फुटला, वही भिजली, कागद भरला, की ती करायची असते. अनेकांना ती चुगली वाटते. मग होतं काय, ओळीने सात जण ‘वही ओली आहे, पण सही केली, आभार’ असं साध्या नोंदीत लिहून पुढे जातात आणि आठव्याच्या हातात कागदाचा लगदा येतो. शक्य असेल तर मी कोरड्या कागदाची पट्टी आत ठेवते, ओली वही मात्र तिथेच राहू देते. ती मालकाची आहे, तीत लोकांची नावं आहेत.

डबा सापडला नाही म्हणून स्वतःच्या खिशातली डबी तिथे टाकायची आणि ‘सापडला’ अशी नोंद करायची, हा प्रकार मात्र मला अजिबात मान्य नाही. मदत केल्याच्या आवेशात लोक हे करतात. पुष्कळदा मूळ डबा जागेवरच असतो, मग एकाच पानाचे दोन डबे होतात आणि कोणी कोणता पाहिला ते कुणालाच सांगता येत नाही. मालकाने ‘बदलून ठेवा’ असं स्वतः सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

आता सापडलेल्या डब्यांबद्दल. टीएफटीसी ही चार अक्षरं नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात पाठ होतात. डब्याबद्दल आभार, एवढाच त्यांचा अर्थ. रस्त्याकडेच्या कठड्याला चिकटवलेल्या चुंबकी डबीखाली ती ठीक आहेत. पण एका मालकाने पाच टप्प्यांचा डबा रचला होता. प्रत्येक ठिकाणच्या शिलालेखातून एकेक आकडा मिळवायचा, शेवटी हाताने बनवलेली लाकडी पेटी आणि ती उघडायचं छोटं कोडं. मला तो पूर्ण करायला दोन रविवार लागले. त्याच्या पानावर ओळीने टीएफटीसी, टीएफटीसी, टीएफटीसी. एकाने तर त्या दिवसाच्या तीसही डब्यांखाली एकच मजकूर चिकटवला होता. त्या मालकाने पेटीवर किती संध्याकाळी घालवल्या असतील याचा विचार करून मला खरंच वाईट वाटलं. मी दहा ओळी लिहिल्या, आणि दर दहा डब्यांमागे सशुल्क सदस्याला एक पसंतीचा गुण देता येतो, तोही तिथेच दिला.

प्रत्येकाने निबंध लिहावा असं मी म्हणत नाही. काहींना लिहिणं जमत नाही, काहींची भाषा वेगळी असते. पण तिथलं एक तरी काही लिहावं: वाट कशी होती, कुठला पक्षी ओरडत होता, कुठे फसायला झालं. मात्र जागा फोडू नये. ‘तिसऱ्या खांबामागे हात घातला आणि मिळाला’ ही एक ओळ पुढच्या सगळ्यांचा शोध संपवते. लपवलेल्या जागेच्या फोटोचंही तेच. मालकाने दिलेली सूचना पानावर उलटसुलट अक्षरांत असते, इंग्रजी वर्णमालेत प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवून. ज्याला हवी त्याने ती स्वतः उलगडावी यासाठीच ही सोय आहे. मग आपण उघड्या अक्षरांत ठिकाण का सांगावं?

आणि सही. वहीत नाव नसेल तर मालक ऑनलाइन नोंद काढून टाकू शकतो, आणि त्यात राग मानण्यासारखं काही नाही. डबीत पेन मावत नाही हे गृहीत धरून स्वतःचं पेन नेहमी जवळ ठेवायचं. एकदा माझं पेन बंद पडलं तेव्हा मातीने बोटाचा ठसा उमटवला, त्याचा फोटो मालकाला पाठवून विचारलं आणि त्याने होकार दिल्यावरच नोंद केली.

लपवण्याच्या दर्जाबद्दल सांगायचं तर माझ्या हाती आलेल्या वाईट डब्यांत सगळ्यात जास्त होत्या त्या कॅमेऱ्याच्या रोलच्या जुन्या डब्या. त्यांच्या झाकणातून ओल आत जाते, एका पावसाळ्यात कागद कुजतो. घट्ट रबरी कडेचा, चारही बाजूंनी खटके असलेला साधा खाऊचा डबा त्याहून कितीतरी टिकतो. शीतपेयाच्या बाटल्या ज्या जाड नळीपासून फुगवतात तीसुद्धा छोट्या डब्यासाठी उत्तम. माझ्या पाहण्यात तिच्यातला एकही कागद भिजलेला नव्हता. पण वस्तूपेक्षा जागा जास्त महत्त्वाची. कचऱ्याच्या ढिगामागे, लघवीच्या वासात लपवलेली डबी मला तिथे कशाला बोलावते? तिथे दाखवण्यासारखं काय आहे हे लपवणाऱ्याने आधी स्वतःला विचारायला हवं. दोन डब्यांत १६१ मीटर अंतर हवं असा नियम आहे, त्यामुळे एक कंटाळवाणा डबा आजूबाजूची चांगली जागाही अडवून बसतो.

अक्षांश-रेखांशांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हे मला फार उशिरा कळलं. अंक अंश, मिनिटं आणि मिनिटाच्या दशांश चिन्हानंतर तीन आकडे असे लिहितात. अक्षांशातला शेवटचा आकडा एकाने बदलला तर जागा सुमारे १.८५ मीटर सरकते. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन पाचेक मीटरांपर्यंत बरोबर असतो. दाट झाडीत, उंच भिंतींजवळ किंवा घळीत सिग्नल आपटून येतात आणि चूक वाढते. लपवणाऱ्याची चूक आणि शोधणाऱ्याची चूक एकमेकींत मिसळतात. चार मीटरांऐवजी बारा मीटर त्रिज्येचं वर्तुळ धुंडाळायचं म्हणजे नऊपट जागा तुडवायची. नऊपट दगड उलटले जातात, नऊपट रोपं पायाखाली येतात. घाईत घेतलेल्या अंकांपायी एका डब्याभोवती शेवाळाचा अख्खा थर खरवडलेला मी पाहिला आहे. शोधणाऱ्यांनी हात आवरायला हवा होता हे खरंच, पण त्यांना तिथे आणून सोडलं ते त्या अंकांनी.

बाकी शिष्टाचार पटकन सांगते. जमीन खणायची नाही, झाडाला खिळा ठोकायचा नाही, जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची. आत खाण्याचं काही ठेवायचं नाही, वासाने प्राणी डबा फोडतात. वस्तू उचलली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. क्रमांकाचं ट्रॅव्हल बग, म्हणजे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात फिरत राहणारी वस्तू, उचललं तर ते लवकर पुढच्या डब्यात पोचवायचं, घरी ठेवून घ्यायचं नाही. कुणी बघत असेल तर थांबायचं. आणि डबा मिळाला तिथेच, तसाच झाकून ठेवायचा. ‘इथे जास्त चांगला लपेल’ असं वाटलं तरी हलवायचा नाही. वाटलं तर मालकाला कळवावं.

सातव्या महिन्यात मी माझा डबा लपवला. आधी वेगवेगळ्या दिवशी चार वेळा जाऊन अंक घेतले आणि सरासरी काढली. पहिले दोन आणि शेवटचे दोन यांत सहा मीटरांचा फरक होता, म्हणजे एकदाच जाऊन अंक दिले असते तर मीही लोकांना भलतीकडेच शोधायला लावलं असतं. माझ्या घरापासून चालत जाता येईल अशीच जागा निवडली, कारण सुट्टीत कुठेतरी लपवून निघून यायचं तर देखभाल कोण करणार? डबा अर्ध्या लिटरचा, आत वही, दोन पेन्सिली आणि लहान मुलांना घेता येतील अशा काही वस्तू. पहिली नोंद आली तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. त्या माणसाने लिहिलं होतं की पुलाखालून वर पाहिल्यावर पाण्याचं प्रतिबिंब कमानीवर हलताना दिसलं आणि तो डबा विसरून तिथेच बसून राहिला. मी ती जागा त्याच कमानीसाठी निवडली होती, पण वर्णनात मुद्दामच तसं लिहिलं नव्हतं.

आतापर्यंत १४ जणांना तो सापडला आणि तिघांना नाही. नवी नोंद आल्याची ईमेल आली की मी हातातलं काम ठेवून आधी ती उघडते. त्या तिघांपैकी एकीने लिहिलं होतं की दिशादर्शक सतत पाण्याच्या पलीकडे ओढत होता, म्हणून मी पाचव्यांदा जाऊन अंक तपासले आणि पानावर ‘काठाच्या अलीकडेच राहा’ अशी ओळ घातली. त्यानंतर कुणी भरकटल्याची नोंद आलेली नाही. परवाची नोंद अशी आहे: ‘सापडला, वही कोरडी आहे, पण झाकणाला आतून दव धरलंय, रबर एका कोपऱ्यात दबलेलं दिसतं.’ लिहिणाऱ्याला मी आभार कळवले आहेत. दुसरं झाकण आणून ठेवलंय; रविवारी सकाळी जाऊन बदलून येणार आहे.