पीएलजीए की कायटोसान? आधी रिकामा कण गप्प बसतो का ते बघा

आर८४८ किंवा सीपीजीसारखं इम्युन सिस्टिमला डिवचणारं औषध नॅनोकणात भरायचंय आणि कण शरीरात विरघळून जाणारा हवाय, तर बऱ्याच जणांचं घोडं शेवटी पीएलजीए आणि कायटोसान या दोन पॉलिमरपाशीच अडतं. मी दोन्ही वापरलेत. कण हवाच का, हे तुम्हाला माहीत असणार: आर८४८ हा इवलासा रेणू, नुसता टोचला की रक्तात पसरतो आणि अंगभर सायटोकाइन (दाह वाढवणारे निरोप्ये रेणू) उसळतात. शिवाय ही औषधं ज्यांना डिवचतात ते रिसेप्टर, टीएलआर ७, ८ आणि ९, पेशीच्या आत एन्डोसोम नावाच्या पिशव्यांमध्ये बसलेले असतात, म्हणजे डेन्ड्रायटिक सेलने (इम्युन सिस्टिमच्या पहारेकरी पेशीने) कण गिळला की औषध बरोब्बर जागेवर.

बनवायला कायटोसान फारच सुटसुटीत, यात वाद नाही. पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवायचं, ढवळत ठेवून ट्रायपॉलिफॉस्फेट थेंब थेंब सोडायचं, द्रावण जरा निळसर दुधाळ झालं की कण तयार. डायक्लोरोमिथेनसारखं सॉल्व्हंट नको, सोनिकेटरची कटकट नको. वर धन भार असल्यामुळे सीपीजी, पॉली आयसी अशी ऋण भाराची औषधं आपोआप चिकटतात आणि नाकातून द्यायचं असेल तर म्युकसलाही छान धरून राहतं. कोळंबीच्या टरफलांपासून बनतं, म्हणजे आपल्या किनाऱ्यावर कच्च्या मालाला तोटा नाही, हे मला मनापासून आवडतं.

पण माझं गाडं अडलं ते रिकाम्या कणांवर. उंदराच्या बोनमॅरोतून वाढवलेल्या डेन्ड्रायटिक सेल, काही वेल्समध्ये औषध भरलेले कण, काही वेल्समध्ये नुसते कण, आणि मग टीएनएफ हे सायटोकाइन मोजणारी एलायझा टेस्ट, जितकं पिवळं तितकं टीएनएफ जास्त. स्टॉप सोल्युशन टाकल्यावर रिकाम्या कणांच्या वेल्स औषधाच्या वेल्सइतक्याच पिवळ्याधमक! आता यातलं औषधाचं काम किती आणि कणाचं किती, सांगणार कसं? दुसऱ्या कुठल्या औषधाला हे चाललं असतं, पण इथे मोजायचंच तेच आहे ना.

कारण उघड आहे, एलपीएस (बॅक्टेरियाच्या आवरणातलं, पेशींना चेतवणारं एन्डोटॉक्सिन) ऋण भाराचं आणि कायटोसान धन भाराचं, एकदा चिकटलं की सोडत नाही, एन्डोटॉक्सिनच्या टेस्टमध्येही त्यामुळे गोंधळ होतो. ऑटोक्लेव्हने एन्डोटॉक्सिन जात नाही, काचसामान २५० डिग्रीला भाजता येतं पण पॉलिमर कसा भाजणार? एन्डोटॉक्सिनला निकामी करणारं पॉलिमिक्सिन-बी घालून बघितलं, पिवळेपणा उतरला पण पूर्ण गेला नाही. आणि समजा अगदी शुद्ध माल मिळाला तरी कायटोसान स्वतःच बोलतं, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की ते सीजीएएस-स्टिंग या पेशीतल्या डीएनए ओळखणाऱ्या यंत्रणेच्या वाटेने इंटरफेरॉन तयार करवतं. नुसतं अ‍ॅडज्युव्हंट (लसीचा परिणाम वाढवणारा घटक) म्हणून हवं असेल तर ही जमेची बाजू धरा. त्यात बाटलीवर डीअ‍ॅसिटिलेशन (कायटिनमधले अॅसिटिल गट किती काढलेत ते) ७५ ते ८५ टक्के असं ऐसपैस लिहिलेलं, बॅच बदलली की कणाचा साइझही हलतो.

पीएलजीएचा त्रास वेगळा. महाग आहे, बर्फात ठेवून सोनिकेट करा, मग सॉल्व्हंट उडून जाईपर्यंत ढवळत बसा, आणि एवढं करून आर८४८ चा बराचसा भाग पहिल्याच दिवशी बाहेर येतो. सीपीजी तर आत जायलाच कुरकुरतं, दोघेही ऋण भाराचे. कण विरघळताना आत आम्ल साठतं, त्यामुळे प्रोटीन अँटिजेन सोबत असेल तर जपून. आर८४८ ला मात्र त्याचा त्रास झालेला मला दिसला नाही. पूर्ण मुका तोही नाही म्हणा, पेशी आधीच चेतवलेल्या असतील तर असे कण इन्फ्लमसोम ही पेशीतली दाह सुरू करणारी यंत्रणा जागी करून आयएल-१ बीटा हे सायटोकाइन वाढवतात. तरीपण माझ्या प्लेटवर रिकाम्या पीएलजीएच्या वेल्स नुसत्या मीडियासारख्याच फिक्या राहिल्या, आणि त्यानंतर मी डेटाकडे शांतपणे बघू शकलो. शिवाय हा पॉलिमर माणसात जुना आहे, त्याच्यापासून बनलेलं ल्युप्रॉन डेपो हे इंजेक्शन १९८९ पासून बाजारात आहे, त्यामुळे सुरक्षिततेवर सुरुवातीपासून भांडावं लागत नाही.

तुमचं काम नाकातून द्यायच्या सीपीजीचं असेल तर कायटोसान घ्या, पण एन्डोटॉक्सिन कमी असलेल्या शुद्ध ग्रेडचंच, आणि पैसे वाचवायला जाऊ नका. इंजेक्शन असेल, त्यातून आर८४८, तर मी तरी पीएलजीएच घेईन. कुठलंही घ्या, औषध भरण्याआधी रिकामे कण तुमच्याच पेशींवर लावा, सोबत पॉलिमिक्सिन-बीची एक रांग ठेवा, आणि नवी बॅच उघडली की परत तेच करा.