कुंभारगावची बोटफेरी: लेन्सआधी बोटवाला ठरवा

भिगवणहून परतल्यावर फ्लेमिंगोचे फोटो धूसर, तिरके किंवा नुसत्या शेपट्यांचे निघाले, तर दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतो. बोट कुठे थांबली, सूर्य कुठल्या अंगाला राहिला आणि इंजिन कधी बंद झालं, एवढ्यावरच फेरीचा निकाल लागतो. फेरी घ्यावी का? जरूर घ्यावी, पण बोटवाल्याशी काठावरच बोलून, आणि शनिवार-रविवार सोडून.

भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये झालं. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव हा त्याच्या फुगवट्याचा उथळ भाग. पावसाळ्यात तुंबलेलं पाणी हिवाळ्यात शेतीसाठी सोडलं जातं, काठ उघडे पडतात आणि गुडघाभर पाण्याची दलदल तयार होते. रोहित, म्हणजे मोठा फ्लेमिंगो, याच चिखलात चोच उलटी घालून अळ्या, बारीक कवचधारी जीव आणि शेवाळ गाळून खातो. म्हणून तारखेपेक्षा पाण्याची पातळी बघा. धरण काठोकाठ असेल तर फेब्रुवारीतही थवे तुरळक दिसतात. बुकिंगच्या फोनवर ‘पक्षी आहेत का’ विचारू नका, उत्तर कायम ‘भरपूर आहेत’ असतं. ‘पाणी किती उतरलंय, थवा काठापासून किती लांब बसतोय’ असं विचारा.

फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य हा फोटोसाठी सगळ्यात चांगला महिना. धुकं कमी झालेलं असतं, चक्रवाक आणि तलवार बदकं अजून गेलेली नसतात. पट्टकादंब हंस हवे असतील तर मार्चची वाट बघू नका. कुरवांच्या, म्हणजे सीगलच्या, डोक्यावरचा तपकिरी टोप याच दिवसांत भरत येतो. जानेवारीत कानामागे नुसता ठिपका असतो, मार्चमध्ये पूर्ण टोप दिसतो. एकाच थव्यात दोन्ही अवस्था मिळतात.

बोटी मासेमारांच्या, उथळ तळाच्या, मागे छोटं इंजिन. चालवणारे बहुतेक इथलेच मच्छीमार, आणि पक्षी ओळखण्यात त्यांचा हात धरणारे कमी. ‘दलदल भोवत्या’ हा शिकारी पक्षी कुठल्या गवतातून उठेल हे ते आधी सांगतात. अडचण येते ती जवळ नेण्याच्या हौसेत. पर्यटक खूश व्हावा म्हणून काही जण थेट थव्यात बोट घालतात, सगळे उडतात, मोबाईलवाले टाळ्या वाजवतात. फोटो मात्र पाठमोरे येतात, आणि खाणं सोडून उठलेला थवा पुढच्या बोटीला लांबूनच बुजतो.

तेव्हा काठावरच सांगा: ‘दादा, थवा लांब असतानाच इंजिन बंद करा, पुढे काठीने घ्या. सरळ नको, तिरकं जाऊ.’ तिरकं अशासाठी की नाकासमोर वाढत येणारी बोट पक्ष्याला धोका वाटते, बाजूने सरकणारी तितकी वाटत नाही. सूर्य पाठीशी हवा, म्हणजे सकाळी बोट थव्याच्या पूर्वेला. यासाठी बरेचदा वळसा घालावा लागतो, पेट्रोल जास्त जातं, म्हणून हेही आधीच बोला. पैसे बोटीचे की माणशी, आणि किती वेळाचे, तेही तेव्हाच ठरवा. घाई होते ती पुढची गिऱ्हाइकं काठावर उभी असतात म्हणून. सलग दोन फेऱ्यांचे पैसे देऊन बोट अडवली की ती घाई संपते. आमच्या मते हा खर्च लेन्सची पोच वाढवणाऱ्या नव्या टेलिकन्व्हर्टरपेक्षा कधीही बरा.

थवा कधी बिथरतोय ते कळतं. आधी सगळ्या माना एकदम ताठ होतात. मग खाणं थांबतं, हंसासारखा घोगरा कलकलाट वाढतो आणि सगळे एकाच दिशेला चालू लागतात. मान ताठ दिसली की बोट तिथेच थांबवा, दोन पावलं चालले तर मागे घ्या. थांबलात तर दहा-पंधरा मिनिटांत माना पुन्हा पाण्यात जातात. उड्डाणच हवं असेल तर उडवायची गरज नाही, सकाळी छोटे गट आपणहून जागा बदलतात. रोहित वाऱ्याच्या तोंडाला पाण्यावरून पळत उठतो. तुमच्या पाठीवर वारा आणि पाठीशी ऊन असेल तर तो समोरून येतो, आणि एरवी मिटलेल्या पंखांखाली लपलेला लालगुलाबी पट्टा आणि काळी पिसं उघडतात.

आता बसण्याचं. फळीवर बसू नका, बोटीच्या तळाशी बसा. फूटभर खाली गेलात की पक्ष्यामागे चिखलाऐवजी लांबचा काठ येतो आणि पार्श्वभूमी स्वच्छ होते. तळात पाणी झिरपतं, म्हणून जाड प्लॅस्टिक न्या. ट्रायपॉड घरी ठेवा. बोट डुलते, तो तिच्याबरोबर डुलतो आणि इंजिनची थरथर थेट लेन्सपर्यंत नेतो. इंजिन चालू असताना कोपरही काठावर टेकवू नका. बंद झाल्यावर काठावर बीन बॅग, म्हणजे लेन्स टेकवायची दाणे भरलेली पिशवी, ठेवा. तिच्यात तांदूळ भरले असतील तर एकदा भिजल्यावर तिसऱ्या दिवशी पिशवी कुजक्या भातासारखी वास मारते, प्लॅस्टिकचे दाणे बरे. एका बोटीत चार कॅमेरे पुरे. पाचवा माणूस उभा राहिला की चौघांची क्षितिजं तिरकी.

१५०-६०० मिमीची लेन्स इथे पुरते. उभ्या पक्ष्यालाही शटर १/१००० सेकंदापेक्षा संथ ठेवू नका, कारण तुम्ही हलताय. उड्डाणाला १/२०००. अ‍ॅपर्चर एफ ७.१ किंवा ८, आयएसओ ऑटोवर, कमाल ३२००. पांढरी पिसं जळणं ही नेहमीची चूक: गडद पाणी बघून कॅमेरा उजेड वाढवतो आणि पाठीवरचा तपशील जातो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटोचा उजेड कमी-जास्त करायची सोय, उणे ०.७ पासून सुरू करा आणि जळालेला भाग लुकलुकण्याची सूचना चालू ठेवा. तोच पक्षी फिक्या आभाळात गेला की अधिक ०.७ किंवा १ लागतं, म्हणून ती सोय बदलणारं चक्र अंगठ्याखाली हवं.

पहिली बोट सूर्योदयाआधीची घ्या. पुण्याहून अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, पण पहाटे चारला निघण्यापेक्षा गावात घरगुती मुक्काम केलेला बरा. साडेनऊच्या सुमारास पाण्यावरची हवा तापून थरथरू लागते. फोकस अचूक असूनही दूरचा पक्षी पाण्यातून पाहिल्यासारखा दिसतो. लोक लेन्स दुरुस्तीला देतात, दोष हवेचा असतो. त्यानंतर जवळचे शेकाटे किंवा खंड्या टिपा, नाहीतर सरळ जेवायला जा.

जेवण म्हणजे चिलापी, तव्यावर भाजलेली, सोबत ज्वारीची भाकरी आणि झणझणीत रस्सा. मूळचा आफ्रिकेतला हा मासा आता उजनीचा घरचा झालाय. काटे बेताचे, ताजेपणाला तोड नाही. जेवणाला पूर्ण गुण.

गुण कापतो ते दोन गोष्टींसाठी. लाइफ जॅकेट मिळतात, पण पट्ट्याचं बक्कल तुटलेलंही हाती येतं. काठावरच लावून बघा, न लागलं तर बदलून मागा. आणि कुरव बोटीमागे यावेत म्हणून शेव-गाठ्या टाकणं. फोटो सोपे होतात, पण तळकट, खारट पीठ हे पक्ष्याचं खाणं नाही, आणि चोचीतली पिवळी शेव फोटोतही शोभत नाही. ‘आमच्या बोटीत नको’ म्हटलं की बोटवाले ऐकतात.

चिखलात मात्र उतरू नका. वरून घट्ट दिसतो, मांडीपर्यंत खचतो, आणि सोडून दिलेली जाळी पायात अडकतात. हीच जाळी इंजिनच्या पंख्यात गुरफटली की बोट अर्धा तास गेली समजा. सोबत कॅमेऱ्यासाठी पाणी न शिरणारी पिशवी हवीच.

दुपार मोकळी असेल तर भादलवाडीचा तलाव जवळ आहे. पाणी असेल त्या वर्षी तिथल्या झाडांवर चित्रबलाकांची वीण भरते. बांधावरून ६०० मिमी पुरते, झाडांच्या दिशेने खाली जायचं नाही. माणूस जवळ आला की मोठे पक्षी घरटं सोडतात आणि उघडी पिल्लं उन्हात आणि कावळ्यांच्या तोंडी पडतात. बांधावरच बसून राहिलात तर बाराच्या उन्हात चित्रबलाक सूर्याकडे पाठ करून, दोन्ही पंख अर्धे उघडून पिल्लांवर सावली धरून उभा दिसतो. तेव्हा शटर १/८०० चालतं, तो हलत नाही.