एनएस २०० नंतर क्लासिक ३५०: काही महिन्यांच्या वापरातून कळलेली सीसी

बजाजची पल्सर एनएस २०० ही बाइक काही वर्षं चालवली आणि पावसाळ्याच्या तोंडावर रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घेतली. तेव्हापासून भेटेल तो विचारतो, दीडशे सीसी (इंजिनाचं आकारमान) वाढली, मग पळते किती?

पळायला एनएसच सरस. तिची ताकद २४.५ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर), क्लासिकची साधारण साडेवीस. हायवेला शंभरच्या पुढे हा फरक स्पष्ट कळतो.

गंमत इंजिनात आहे. दोन्हींचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, अगदी सारखा: ७२ मिमी. वाढलाय फक्त स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास. एनएसचा पिस्टन ४९ मिमी वर-खाली होतो, क्लासिकचा ८५.८. तेवढ्याच रुंदीच्या सिलिंडरमध्ये पिस्टन जास्त लांब जातो, म्हणून १९९.५ ची ३४९ सीसी होते.

पण इतकं अंतर कापणारा पिस्टन फार फेरे घेऊ शकत नाही. क्लासिकची पूर्ण ताकद ६१०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) येते, आणि तिथेच पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७ मीटरच्या वर गेलेला असतो. एनएसचा ९७५० ला सुद्धा १६ च्या आत राहतो. ताकद म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले फेरे, त्यामुळे लहान इंजिन पुढे जातं. टॉर्कचं मात्र उलटं: क्लासिक ४००० लाच २७ एनएम (न्यूटन-मीटर) देते, एनएस साडेअठराच्या आसपास, तेही ८००० ला.

ताम्हिणी घाटात हे आकडे हाताला कळतात. बायको मागे, सामान बांधलेलं, चढावर पुढे एसटी. एनएसचे तिथे दोन गिअर पाडून रेस वाढवावी लागायची. क्लासिक तिसऱ्यातच पस्तीसवरून खेचत निघते, इंजिनाचा सूरही फारसा बदलत नाही. एवढ्यासाठी मी हायवेचा वेग आनंदाने सोडला. वजन मात्र १९५ किलो, एनएसपेक्षा जवळपास ३५ जास्त. सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी मागे घेताना ते रोज जाणवतं.

आणि ३४९ च का? ३५० च्या वर कर आधीही जास्तच होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर ३५० पर्यंत जीएसटी १८ टक्के, वर थेट ४०. यामाहाची ३२१ सीसीची आर३ क्लासिकच्या दुप्पट, ४२ पीएस देते, तरी कराचा टप्पा तोच, कारण सरकार सीसी मोजतं, ताकद नाही.

घ्यायचा विचार असेल तर टेस्ट राइडला घरच्या माणसाला मागे बसवा, चढ शोधा, आणि तिसऱ्यात तीसवर असताना ॲक्सिलरेटर देऊन बघा.