काही दुखत नसताना जायचा दवाखाना: आमच्या गावचं आयुष्मान आरोग्य मंदिर

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात माझी पिठाची गिरणी आहे. कळण्याचं, गव्हाचं, बाजरीचं दळण घेऊन निम्मं गाव येतं आणि दळण होईपर्यंत ओट्यावर बसून कुणाचे गुडघे, कुणाचं पित्त, कुणाची बाळंतीण, सगळं बोलून होतं. ज्यांना काहीच दुखत नाही त्यांच्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. त्यांच्यासाठी गावात एक चांगली सोय आहे आणि ती निम्मीही वापरली जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

सोय म्हणजे आपलं उपकेंद्र, ज्याच्यावर आता आयुष्मान आरोग्य मंदिराची पाटी आहे. पूर्वी तिथे बाळंतपणाच्या नोंदी आणि पोरांच्या लसी एवढंच चालायचं. २०१८ पासून देशभर अशा उपकेंद्रांत मोठ्या माणसांच्या तपासणीचं काम आलं. तीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी आणि शुगर वर्षातून एकदा बघायचं. तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर पाच वर्षांतून एकदा तपासायचा. तुम्ही आजारी असायची गरज नाही, नसलात तर जास्तच चांगलं. पैसे लागत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरचेही पैसे घेत नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं मात्र त्या निर्णयात नव्हती, म्हणून जळगाव-धुळ्याला मोठ्या दवाखान्यात जाणाऱ्यांनी खिशात थोडे पैसे ठेवावेत.

सुरुवात घरीच होते. आशाताई कागद घेऊन येतात. वय किती, तंबाखू-गुटखा-बिडी आहे का, दारू आहे का, कामात अंग हलतं का, आईवडिलांना बीपी-शुगर होतं का, असं विचारतात आणि टेपने कंबर मोजतात. प्रत्येक उत्तराला गुण असतात. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला आधी बोलावायचं. एका माणसाचा हा कागद भरायचे आशाताईंना दहा रुपये मिळतात. उन्हातान्हात दारोदार फिरून, सासू ऐकत असताना सुनेला पाळीच्या तक्रारी विचारायच्या आणि त्याचे दहा रुपये! हे मला पटत नाही. सगळ्या योजनेची पहिली पायरी ज्या बाईवर उभी आहे तिला इतकं स्वस्तात राबवून घेऊ नये.

आता आत गेल्यावर काय होतं ते सांगते. आमच्याकडे समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून ज्या मॅडम आहेत, त्यांना गाव सीएचओ मॅडम म्हणतं. माझ्या मालकांना मी हट्टाने घेऊन गेले. ट्रॅक्टरवर दिवसदिवस बसणारा माणूस, आयुष्यात कधी सुई टोचून घेतलेली नाही. सारखं एकच पालुपद, “माले काय व्हयेल शे? मी अजून पोतं उचलस.” मॅडमनी लगेच बीपीचा पट्टा बांधला नाही. आधी पाच मिनिटं गप्प बसवलं. पाय जमिनीवर टेकवायला लावले, पाठ खुर्चीला, हात टेबलावर, बाही वर. मध्येच ते मशागतीचं बोलायला लागले तर मॅडम म्हणाल्या, “काका, आता बोलू नका, बोललं की आकडा वर जातो.” पहिला आकडा आला १६२ वर ९८. थोडं थांबून पुन्हा मोजलं, १५६ वर ९६. तरी लगेच गोळी दिली नाही. दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं, कारण एका दिवसाच्या आकड्यावर माणसाला बीपीचा रुग्ण ठरवत नाहीत. दुसऱ्या दिवशीही १४० वर ९० च्या पुढेच निघालं, तेव्हा त्यांनी ई-संजीवनीवरून, म्हणजे लांबच्या डॉक्टरांशी बोलायच्या सरकारी सोयीवरून, डॉक्टरांना मोबाइलवर दाखवलं, डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले आणि अ‍ॅमलोडिपिनची, म्हणजे बीपीची, पाच मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. तालुक्याच्या गावाला पैसे देऊन दाखवलं तेव्हा इतक्या शांतपणे कुणी बीपी मोजलेलं मला आठवत नाही.

मालकांचं डोकं कधी दुखलं नाही, चक्कर आली नाही. हेच लोकांना समजावणं सगळ्यात अवघड जातं. आपल्याकडे दुखणं अंगावर काढायची सवय, आणि इथे तर दुखणं दिसतच नाही. लकवा मारला की मग घरातलं माणूस गाडीत घालून जळगाव गाठायचं. तिथे आयुष्मान कार्ड आहे, महात्मा फुले योजना आहे, पाच लाखांपर्यंत इलाज होतो, हे खरं आहे आणि त्याने कित्येक घरं वाचली आहेत. पण ते कार्ड चालतं दवाखान्यात भरती झाल्यावर. भरती होऊच नये म्हणून जे करायचं ते सगळं उपकेंद्राच्या या दोन खोल्यांत होतं, आणि निवडणुकीच्या भाषणात या दोन खोल्यांचं नाव कुणी घेत नाही.

आमच्या मोठ्या दिरांची, जिभाऊंची, गोष्ट वेगळी. त्यांना गुटख्याची जुनी सवय. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण टपरीवर मागितला की पुडी हातात पडते, हे खान्देशात कुणाला सांगायला नको. वर्षभरापासून जिभाऊ शेवभाजीला हात लावेनात. तोंडात आग होते म्हणायचे. घरात सगळ्यांनी पित्त धरलं. मॅडमनी त्यांना सांगितलं, तोंड उघडा आणि स्वतःची तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घाला. दोनच गेली. मग बॅटरी घेऊन गालाची आतली बाजू, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखाली, टाळू, सगळं बघितलं. गालाची आतली कातडी पांढुरकी आणि ताठर झाली होती. सुपारीने असं होतं, तोंड हळूहळू आवळत जातं आणि यातूनच पुढे कॅन्सर होऊ शकतो, असं त्यांनी समजावलं. रागावल्या नाहीत. चिठ्ठी लिहिली आणि मोठ्या दवाखान्यात दाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ही तीन बोटांची तपासणी तुम्ही आत्ता बसल्या जागी करून बघा. गुटखा, मावा, खर्रा, सुपारी खाणाऱ्या प्रत्येकाने करावी. बोटं जात नसतील तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

इथून पुढे मात्र सोय ढिली पडते. जिभाऊ चिठ्ठी घेऊन गेले त्या दिवशी दाताचे डॉक्टर नव्हते. अमुक वारी या म्हणून परत पाठवलं. कापूस वेचणीचे दिवस, एसटीचा वेळ धरला तर आख्खा दिवस गेला, मजुरी बुडाली. “आते नही जात मी,” म्हणून जिभाऊंनी चिठ्ठी देव्हाऱ्यामागे खोचून ठेवली. आशाताईंनी पाठ सोडली नाही, म्हणून पोराने शेवटी मोटरसायकलवर नेलं. डॉक्टर म्हणाले, आज कॅन्सर नाही, पुडी बंद करा, तोंडाचा व्यायाम करा, दाखवत राहा. सुटलो. पण चिठ्ठीवर डॉक्टर कोणत्या वारी असतात एवढं लिहिलेलं असतं तर ती फेरी वाया गेली नसती. त्याला वेगळा निधी लागत नाही, उपकेंद्राने आधी एक फोन केला तरी पुरतं.

बायकांसाठी दोन शब्द. स्तनाची तपासणी इथे मॅडम स्वतः करतात आणि घरी आपल्या हाताने कशी करायची तेही दाखवतात. गर्भाशयाच्या मुखाची तपासणी आमच्या उपकेंद्रात होत नाही, त्यासाठी ठरलेल्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं लागतं. ती करून आलेली म्हणून सांगते, घाबरण्यासारखं काही नाही. पातळ केलेलं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरच समजा, कापसाने लावतात आणि मिनिटभर थांबून बघतात. पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी. थोडं अवघडल्यासारखं होतं, दुखत नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी हीच तपासणी दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बायकांकडून वर्षानुवर्षं करून घेतली आणि या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तो अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. म्हणजे बारा वर्षं शिकलेला स्पेशालिस्ट गावोगाव बसवायची गरज नाही, शिकवलेल्या ताई, एक टेबल, उजेड आणि आडोसा लागतो. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांमागे दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती. देशाचा आकडा १.९ टक्के. गिरणीवर विचारलं तर बहुतेकींनी नावही ऐकलेलं नव्हतं.

आणि आडोशाचं म्हणाल तर आमच्या उपकेंद्रात तपासणीच्या खोलीची खिडकी थेट पाराकडे उघडते. पारावर दिवसभर माणसं बसलेली. पडदा होता, तो फाटला, पुन्हा लागला नाही. एका काकूंनी ब्लाउजचं बटण काढायच्या आधी खिडकीकडे बघितलं आणि “परत कधी येसू,” म्हणून निघून गेल्या. एका पडद्यापायी बाईची पाच वर्षांची तपासणी राहिली. उपकेंद्राला खर्चाला अनटाईड फंड, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला निधी, असतो, सरपंच अध्यक्ष असलेली जन आरोग्य समिती असते. पडद्याला एवढे महिने लागू नयेत.

माझी मोठी तक्रार वेळेची आहे. उपकेंद्र सकाळी उघडतं आणि दुपारनंतर बंद होतं. नेमक्या त्याच वेळात ज्यांची तपासणी व्हायला हवी ते सगळे शेतात असतात. आजारी माणूस काम सोडून येतो, त्याला यावंच लागतं. धडधाकट माणसाने मजुरी बुडवून का यावं? रांगेत मला दिसतात ते म्हातारे, बाळंतिणी आणि ज्यांना आधीच गोळी चालू आहे ते. पस्तीस-चाळिशीचे बापे, ज्यांच्यात बीपी नव्याने सापडायचं असतं, ते संध्याकाळी दिवे लागल्यावर गावात येतात. तपासणी फुकट ठेवली म्हणजे सरकारचं काम संपत नाही, ती माणसाच्या मोकळ्या वेळेत ठेवली तरच तो येणार. आठवड्यातला एक दिवस संध्याकाळी सात ते नऊ उघडा ठेवा, त्या बदल्यात मॅडम आणि सिस्टरना सकाळची सुट्टी द्या. त्यांना आधीच ऑनलाइन नोंदी भरता भरता जेवायला वेळ मिळत नाही, त्यांच्यावर आणखी तास लादा असं मी म्हणणार नाही.

आणि हे होऊ शकतं. माझी नणंद शहाद्याकडे दिली आहे. तिकडे सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला, नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या पाड्यांवर रस्ता नाही, तर सरकारने बोटीवर तरंगता दवाखाना चालवला. सपाटीला पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगरात तीन हजारांमागे, असा नियमच आहे, कारण तिथे चालणं जास्त. भिल्ल, पावरा वस्त्यांत सिकलसेलची, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी चाळीस वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची करायची ठरली, २०२३ मध्ये त्याची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, आणि त्यासाठी पथकं पाड्यांपर्यंत जातात. डोंगराच्या हिशेबाने नियम बदलता येतो, तर वेचणीच्या हिशेबाने घड्याळ का बदलू नये?

गोळ्यांचं थोडक्यात. एरवी महिन्याच्या गोळ्या एकदम मिळतात. एकदा साठा कमी होता तेव्हा दहा दिवसांच्याच मिळाल्या आणि मालकांना वाटलं, कोर्स संपला. बीपीच्या गोळीला कोर्स नसतो, हे मॅडमनी पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, “थांबवू नका.” साठा कमी असेल तर बाकीच्या कधी येणार ती तारीख पाकिटावरच लिहावी, एवढी विनंती.

पाचपैकी चार गुण देते. मॅडमच्या हाताला आणि वागण्याला पूर्ण गुण, एक कापला तो वेळ आणि पडद्यासाठी. जाणार असाल तर आधार कार्ड, जुने कागद आणि चालू गोळ्यांचं पाकीट घेऊन जा. सोमवारी बाजारामुळे गर्दी असते, मंगळवारी सकाळी निवांत असतं. बीपी बघायचं असेल तर जाण्याआधी अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू नको. येत्या ग्रामसभेत संध्याकाळच्या वेळेचा आणि पडद्याचा विषय मी लेखी दिला आहे. बचत गटातल्या आम्ही सगळ्या जाणार आहोत, बाप्यांनीही या, कारण वेळ तुमच्यासाठीच मागतो आहोत.