विजया बाम, जेल आणि २४ तासांची पट्टी : लेबलमागचा हिशेब

यंत्रमागावर दिवसभर उभे राहणाऱ्यांचे गुडघे आणि विड्या वळणाऱ्या बायकांची मान ही सोलापूरची जुनी दुखणी. त्यांवर आता आयोडेक्स-झंडूच्या शेजारी ‘विजया’ असे नाव मिरवणारी उत्पादने आली आहेत. विजया म्हणजे भांगेचे झाड. बाम, रोल-ऑन, जेल आणि चिकटपट्टी अशा चार रूपांत ती विकली जातात आणि चौघांच्याही जाहिरातीत ‘दीर्घकाळ परिणाम’ हे शब्द असतात. आमच्या मते ते शब्द नीट बनवलेल्या पट्टीलाच शोभतात. जेलला थोडेफार, बामला अजिबात नाही.

कारण रेणूच्या स्वभावात आहे. भांगेतले मुख्य रेणू दोन : नशा न आणणारा सीबीडी आणि नशा आणणारा टीएचसी. दोन्हींचे वजन सुमारे ३१४ डाल्टन (रेणूचे वजन मोजायचे एकक). कातडीतून जायला ५०० च्या आत असावे असा ढोबळ नियम आहे, म्हणजे आकार आड येत नाही. आड येते ती तेलाची ओढ. कातडीचा सर्वांत वरचा मृत थर जेमतेम १० ते २० मायक्रॉनचा, पण तेलकट. सीबीडी त्यात सहज शिरतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो, कारण खालचा जिवंत थर पाणीदार असतो. वर साठलेला हा माल मग तासन्‌तास थोडाथोडा खाली झिरपतो. पोटातून घेतलेला सीबीडी यकृतातच बराचसा संपतो आणि रक्तात फार थोडा पोचतो, म्हणून कातडीचा रस्ता शोधला गेला. तो कल्पनेपुरता उत्तम आहे, पण सावकाश आहे.

त्यामुळे ‘पाच मिनिटांत आराम’ आणि ‘दिवसभर आराम’ हे दोन्ही दावे एकाच डबीवर दिसले की समजावे, पाच मिनिटांतला आराम पुदिन्याच्या सत्त्वाचा, कापराचा किंवा गंधपुऱ्याच्या तेलाचा आहे. घटकांची यादी वाचा, तिन्हींपैकी एक तरी बहुधा सापडेल. त्यांत वाईट काही नाही, फक्त त्यासाठी विजयाचा भाव मोजू नये.

बाम मेणात आणि तेलात बनतो. सीबीडीला तेल आवडते, मग त्या तेलातून निघून कातडीत जायला त्याला कारणच उरत नाही. बराचसा माल डबीतल्या चरबीसोबत टॉवेलला पुसला जातो. त्यात सोलापूरचा एप्रिल-मे. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपासच वितळते, इथे पारा ४० च्या वर जातो. डबी वितळते, पुन्हा गोठते, रवाळ होते, आणि सगळीकडे सारखे मिसळलेले औषध कुठे दाट, कुठे विरळ राहण्याचा संभव असतो. रोल-ऑन म्हणजे बहुधा हेच तेल बाटलीत. बामपेक्षा सोयीचा, पण गुण तोच.

जेलची गोष्ट वेगळी. त्यात अल्कोहोल, प्रॉपिलीन ग्लायकॉल, कधी ओलिक ॲसिड असते. अल्कोहोल उडून जाताना मागे राहिलेला सीबीडी दाट होतो आणि कातडीत ढकलला जातो. ‘इथोसोम’ लिहिलेले असेल तर लेसिथिनसारख्या स्निग्ध पदार्थाच्या (फॉस्फोलिपिड) सूक्ष्म पिशव्या आणि भरपूर अल्कोहोल असा तो प्रकार, आणि आमची पहिली पसंती त्याला. मात्र झाकण सैल राहिले की अल्कोहोल उडते, पिशव्या फुटतात आणि जेल दाणेदार होते. असे जेल फेकून द्यावे. चांगले जेलही खरचटलेल्या जागी झोंबते. काचेच्या उघड्या तोंडाच्या बरणीपेक्षा ॲल्युमिनियमची ट्यूब किंवा पंपाची बाटली घ्यावी, कारण हवा आणि उजेड लागला की सीबीडी ऑक्सिडाइझ होतो आणि रंग गुलाबी-जांभळट होत जातो.

मात्रेचा हिशेब सोपा आहे. ५० ग्रॅमच्या ट्यूबवर १५०० मिलिग्रॅम लिहिले असेल तर ते ३ टक्के. तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकी लांब रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, त्यात १५ मिलिग्रॅम. दोन तळव्यांएवढ्या जागेला ती पुरते. किमतीला एकूण मिलिग्रॅमने भागा आणि मगच दोन उत्पादनांची तुलना करा. मिलिग्रॅमचा आकडाच नसेल, किंवा ‘विजया अर्क अमुक मिलिग्रॅम’ लिहून त्यातला सीबीडी किती हे सांगितले नसेल, तर हिशेबच मांडता येत नाही. नुसते ‘हेंप सीड ऑइल’ असेल तर ते बियांचे तेल. त्यात कॅनॅबिनॉइड, म्हणजे सीबीडी-टीएचसीसारखी द्रव्ये, नावापुरतीच.

पट्टीवर थोडे थांबू, कारण पैसे इथेच जास्त जातात. दोन जाती आहेत. एकीत औषध पिशवीत असते आणि पातळ पडद्यातून झिरपते. ती कापली तर सगळा साठा एकदम सांडतो. दुसरीत औषध चिकटद्रव्यातच विरघळवलेले असते. कोणती आहे हे पाकिटावर नसेल तर कापू नये. २० मिलिग्रॅमची पट्टी शरीरात २० मिलिग्रॅम सोडत नाही. ओघ शेवटपर्यंत टिकावा म्हणून माल मुद्दाम जास्त भरलेला असतो. म्हणजेच काढलेल्या पट्टीतही औषध उरते. चिकट बाजू आत दुमडून लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी.

बिघाड तीन. चिकटद्रव्यात औषध प्रमाणाबाहेर भरले तर काही महिन्यांत स्फटिक बनतात. पट्टी उजेडात धरली की साखरेसारखे कण दिसतात, ओघ मंदावतो आणि चिकटणेही कमी होते. दुसरा, उन्हात तापलेल्या कुरिअरच्या गाडीतून आलेल्या पट्टीच्या कडेने चिकटा बाहेर ओघळतो. अंगावर मग काळी कडा उमटते. तिसरा घामाचा : कड सुटली की तेवढ्या जागेतून औषध जात नाही. म्हणून उन्हाळ्यात मागवायचेच असेल तर घरी येताच पाकीट तपासा आणि फ्रीजच्या दारात नव्हे, घरातल्या थंड कपाटात ठेवा.

लावताना जागा साबणाने धुऊन कोरडी करा. खोबरेल, पावडर काही नको. केस असतील तर कात्रीने कापा, वस्तरा नको, त्याने कातडी सोलली जाते. पट्टी गुडघ्याच्या घडीवर लावू नका, वाटीच्या वर सपाट मांडीवर लावा आणि तळवा ३० सेकंद दाबून धरा. वरून गरम पाण्याची पिशवी नको, उष्णतेने शोषण वाढते. दर वेळी जागा बदला. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे जेल लावून २४ तास पाहणे चांगले.

पुराव्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. सांधे सुजलेल्या उंदरांवर सीबीडी जेलने सूज कमी झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसांत मात्र झायनर्बा या अमेरिकी कंपनीच्या सीबीडी जेलची गुडघ्याच्या झिजेवरची दुसऱ्या टप्प्याची चाचणी २०१७ मध्ये मुख्य उद्दिष्ट गाठू शकली नाही. झिजलेल्या गुडघ्याला हे औषध नवी गादी देणार नाही, आणि तसे सांगणाऱ्या दुकानदाराकडून काही घेऊ नये.

कायद्याने, १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील गांजाच्या व्याख्येत शेंडे नसलेली पाने आणि बिया येत नाहीत. म्हणून पानांपासूनच्या आयुर्वेदिक औषधाला जागा मिळते. पाकिटावर आयुर्वेदिक उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, मुदत हवीच. बॅचचा प्रयोगशाळा अहवाल मागा आणि त्यात टीएचसीचा आकडा पाहा. पट्टी रक्तात पोचण्यासाठीच बनवलेली असते, त्यामुळे पोलीस-सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी टीएचसी असलेली पट्टी टाळावी, तपासणीत तो सापडू शकतो. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायका, १८ च्या आतील मुले यांनीही. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गंधपुऱ्याचे तेलही तिथे घातक ठरू शकते.

निवाडा असा : विजया बाम घेऊ नका, कापराचा साधा बाम तेच काम स्वस्तात करतो. विडी वळून आखडलेल्या मानेला रात्री इथोसोम जेल, दोन आठवडे, रोज एकाच मात्रेत लावून पाहण्याजोगे आहे. फरक नसेल तर दुसरी ट्यूब नको. पट्टी घ्यायची तर पावसाळ्यानंतर, आधी दोन-तीनच.